हार्ट फेल्युअरचे पेशंट महिन्याभरात परत का येतात? वॉर्डातल्या उपचारांबद्दल विचारायचं आहे

तालुका_एमओ

नमस्कार. विदर्भातलं ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय आहे. ईसीजी, एक्स-रे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), सोडियम-पोटॅशियम रविवार सोडून रोज होतं. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आठवड्यातून एक दिवस. बीएनपी (हार्ट फेल्युअर ओळखायची रक्ततपासणी) होत नाही.

हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही, अंगात पाणी साठतं) पेशंटचं आमच्याकडे एक ठरून गेलेलं आहे. धापा टाकत येतात. ऑक्सिजन, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) ४० मिग्रॅ. सकाळ-संध्याकाळ, जोडीला एखादं अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, चौथ्या दिवशी सुट्टी. तीन-चार आठवड्यांत तोच माणूस पुन्हा तसाच दारात. नातेवाइकांना वाटतं उपचार नीट झाले नाहीत, वॉर्डाला वाटतं यांनी गोळ्या घेतल्या नाहीत.

विचारायचं ते असं. लॅसिक्सचा डोस नेमका कसा ठरवायचा, आणि तो पुरला की नाही हे दुसऱ्या दिवसाच्या राउंडची वाट न बघता कसं कळेल? बीपी १०० च्या आसपास असेल तर कमजोर हृदयासाठीची ती 'चार औषधं' सुरू करावीत का? आणि मीठ-पाणी याबद्दल घरी काय सांगायचं? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

हृदय_ओपीडी

डॉक्टर, तुमच्या चौथ्या दिवसातच गोम आहे. दम लवकर जातो, पाणी सावकाश जातं. तिसऱ्या दिवशी फुप्फुसातलं उतरलेलं असतं. पायातलं, पोटातलं, यकृतातलं तसंच असतं. तेवढं पाणी घेऊन माणूस घरी गेला की फुप्फुस पुन्हा भरायला वेळ लागत नाही. त्यामुळे "दम कमी झाला का?" याच्या जोडीला रोज तीन गोष्टी लिहून ठेवा: सकाळचं वजन, ४५ अंशांत टेकवून मानेची शीर कुठवर दिसते ते, आणि पोट दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्यावर ती चढून राहते का ते. अंथरुणाला खिळलेल्याच्या पायांवर सूज नसते, ती माकडहाडावर असते. कुशीवर वळवून तिथे बोट दाबून बघा.

आधी निदान तपासून घ्या. घुरघुर ऐकू आली की नेब्युलायझर लावायची आपल्याकडे सवय आहे. आडवं पडलं की वाढणारा, रात्री एक-दोनला झोपेतून उठवणारा, बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी लागणारा दम हृदयाकडे बोट दाखवतो. उलटंही होतं. दोन्ही पायांवर सूज, मानेची शीर खाली, आणि गोळ्यांच्या पिशवीत अॅम्लोडिपिन १० मिग्रॅ. ती सूज अॅम्लोडिपिनची. लॅसिक्सने ती जात नाही, फक्त किडनी कोरडी पडते. तिसरा प्रकार कमी पण हुकू नये असा: पोट आधी फुगलं, पाय नंतर सुजले, मानेची शीर टम्म भरलेली आणि छाती एक्स-रेवर हृदय लहानच. टीबीनंतरचा कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस (हृदयाचं आवरण जाड होऊन आवळतं) असा येतो आणि महिनोन्‌महिने लिव्हर सिरॉसिस म्हणून फिरतो.

आता लॅसिक्स. घरी काहीच घेत नसेल तर शिरेतून २० ते ४० मिग्रॅ. घरी रोज घेत असेल तर दिवसाचा जेवढा डोस तोंडाने, त्याच्या एक ते दोन पट शिरेतून. म्हणजे घरी ८० घेणाऱ्याला वॉर्डात ४० देणं हा उपचार कमी करणं झालं, आणि हे सर्रास होतं. टॉर्सेमाइड घेत असेल तर २० मिग्रॅ. म्हणजे तोंडाचं लॅसिक्स ४० असं धरा.

पुरलं का, हे सहा तासांत कळतं. डोस दिल्यावर दोन तासांनी लघवीचं सोडियम पाठवा. तुमच्याकडे रक्ताचं सोडियम ज्या मशीनवर होतं त्यावरच बहुधा होईल, लॅबला विचारा. ५० ते ७० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली आलं तर डोस अपुरा. ते होत नसेल तर पहिल्या सहा तासांत तासाला १०० ते १५० मिलि लघवी व्हायला हवी. झाली नाही तर पुढचा डोस दुप्पट: ४० चे ८०, ८० चे १६०. तोच ४० बारा तासांनी परत देण्यात अर्थ नाही. या औषधाला उंबरठा असतो. त्याच्या खालचा डोस दिवसातून चार वेळा दिला तरी लघवी होत नाही. उंबरठा ओलांडणारा डोस सापडला की तो दिवसातून दोनदा द्या. वजन दिवसाला किलो-दीड किलोने उतरायला हवं.

दुप्पट करूनही हलत नसेल तर मेटोलाझोन (पाणी काढणारी दुसऱ्या जातीची गोळी) २.५ मिग्रॅ. तोंडाने जोडा. हे मिश्रण जोरकस आहे; रोज पोटॅशियम-सोडियम बघता येणार असेल तरच, आणि दोन-तीन दिवसांपुरतंच. शनिवारी संध्याकाळी सुरू करू नका, तुमची लॅब रविवारी बंद असते.

सिस्टरांसाठी एक: ८० च्या वरचे डोस ढकलून देऊ नयेत. मिनिटाला ४ मिग्रॅ. पेक्षा वेगाने गेलं की कानात आवाज येतात, ऐकूही कमी होऊ शकतं. १६० मिग्रॅ. म्हणजे निदान ४० मिनिटं. पातळ करायचं ते नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये नाही. ज्या लाइनमधून डोब्युटामिन किंवा मिडाझोलाम चालू आहे तिच्यातून लॅसिक्स दिलं तर साका धरतो.

ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच. ९६ असलेल्याला मास्क लावून उपयोग नाही, नातेवाइकांच्या समाधानापलीकडे. बसवा, पाय खाली सोडू द्या. वरचं बीपी ११० च्या पुढे आणि फुप्फुसं भरलेली, अशा वेळी नायट्रोग्लिसरिन विसरलं जातं: २५ मिग्रॅ. चा अँप्युल असेल तर एकूण ५० मिलि करा, म्हणजे मिलिमागे अर्धा मिग्रॅ.; मिनिटाला १० मायक्रोग्रॅमसाठी सिरिंज पंप ताशी १.२ मिलि. अँप्युलवरचा आकडा वाचूनच करा, वेगवेगळ्या ताकदीचे येतात. बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) असेल तर श्वास तिशीच्या पुढे गेलेल्याला लवकर लावा.

पाणी कशामुळे वाढलं हे दाखल होण्याच्या दिवशीच शोधायचं. ईसीजीत नवा झटका, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), बीपी २०० च्या घरात, न्यूमोनिया, हिमोग्लोबिन ७, थायरॉइड, फुप्फुसातली गुठळी. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक. हा प्रश्न "दुखण्याच्या गोळ्या घेता का?" असा विचारला तर उत्तर "नाही" येतं. पिशवी ओतून बघा.

सिस्टर_फिमेल_वॉर्ड

सरांनी वजन म्हटलं म्हणून. वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

एकच काटा, फरशीवर (गादीच्या कडेला, सतरंजीवर नाही), सकाळी सहाला, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, चप्पल आणि शाल काढून. युरोबॅग असेल तर रिकामी करून. उभं राहता येत नसेल तर नातेवाइकासकट वजन करून वजाबाकी करा, पण मग रोज तसंच करा. आकडा दशांशासह लिहा. "६८ किलो" आणि उद्याही "६८ किलो" यात अर्धा लिटर लपतो.

इनटेक-आउटपुट चार्ट बहुतेक वॉर्डांत खोटा असतो, हे मान्य करू या. स्टीलचा पेला २०० मिलि, चहाचा कप १०० ते १२०, आमटीची वाटी १५०. आमटी, ताक, पेज, कलिंगड हे सगळं पाणीच, पण लिहिलं जातं फक्त बाटलीतलं. आउटपुटचं त्याहून वाईट. बाया संडासात जातात आणि मग अंदाजे "४०० मिलि" लिहिलं जातं. प्रत्येकीला मापाचा मग द्या, खुणेची पट्टी चिकटवून. फक्त लघवी मोजायची म्हणून सरसकट कॅथेटर टाकू नये, इन्फेक्शन होतं. पहिले २४ तास फार धाप असेल तर ठीक.

लॅसिक्सच्या वेळा सकाळी आठ आणि दुपारी चार करा. रात्री नऊचा डोस म्हणजे म्हातारं माणूस अंधारात चार वेळा उठणार आणि एकदा पडणार.

आणि सलाईन. पाणी काढायला लॅसिक्स चालू, आणि दुसऱ्या हाताला "शीर चालू राहावी म्हणून" नॉर्मल सलाईन थेंबथेंब. १०० मिलिच्या बाटलीत ०.९ ग्रॅम मीठ असतं. अँटिबायोटिकच्या तीन बाटल्या आणि पँटोप्राझोलची एक, झालं साडेतीन ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसभराच्या जेवणातल्या मिठाच्या जवळपास. ताप नाही, बेडका नाही, एक्स-रेत न्यूमोनिया नाही, तर अँटिबायोटिक कशासाठी ते डॉक्टरांना विचारा. कॅन्युला फ्लश करून बंद ठेवता येतो.

औषधखिडकी

खिडकीवर येणाऱ्या चिठ्ठ्यांमधल्या नेहमीच्या चुका, तेवढंच लिहितो.

"मेटोप्रोलॉल ५०" एवढंच लिहिलेलं असतं. मेटोप्रोलॉल टारट्रेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही एकाच औषधाची दोन वेगळी रासायनिक रूपं (सॉल्ट) आहेत. हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवल्याचा पुरावा सक्सिनेटच्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा आहे. अॅटेनोलॉलचा या आजारात तसा पुरावा नाही, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर तेच चालू राहतं. ईएफ (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) कमी असलेल्यांसाठी चालणारे बीटा ब्लॉकर चारच: बायसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉल सक्सिनेट, आणि वयस्करांत नेबिव्होलॉल.

टॉर्सेमाइड १० आणि स्पायरोनोलॅक्टोन ५० (पोटॅशियम अंगात राखणारं औषध) एकाच गोळीत मिळतं, आणि सोयीचं म्हणून लिहिलं जातं. पेशंटला "सूज वाढली तर एक गोळी जास्त घ्या" सांगितलं की स्पायरोनोलॅक्टोन १०० झालं. जोडीला रॅमिप्रिल आणि क्रिएटिनिन १.६ असेल तर पोटॅशियम ६ च्या पुढे जायला आठवडा पुरतो. दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत द्या, म्हणजे पाण्याची गोळी एकटी कमी-जास्त करता येते.

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू केलं पण घरातल्या डब्यात जुनं एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल तसंच आहे, हा सगळ्यांत धोक्याचा प्रकार. दोन्ही पोटात गेली तर ओठ-जीभ-घसा सुजतो. जुनं बंद करून ३६ तास जाऊ द्यायचे, मग नवीन. टेल्मिसार्टन-लोसार्टनवरून बदलताना हे थांबणं लागत नाही, पुढच्या डोसच्या वेळी नवी गोळी. डिस्चार्ज कार्डावर "चालू" गोळ्यांइतक्याच ठळक अक्षरात "बंद" गोळ्या लिहा, आणि शक्य असेल तर जुनी पाकिटं ताब्यात घ्या.

याशिवाय टाळायची: डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन जातीच्या सगळ्या, पायोग्लिटाझोन (मधुमेहाच्या तीन-औषधी गोळीत लपलेलं असतं, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा), ईएफ कमी असेल तर डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, सिलोस्टाझोल. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि अॅसिडिटीच्या पुड्या यात सोडियम भरपूर.

किमतीचं म्हणाल तर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. डापाग्लिफ्लोझिन २०२० च्या अखेरीपासून आणि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन २०२३ पासून अनेक भारतीय कंपन्या बनवतात. दुकानादुकानात भाव फार वेगळे, म्हणून चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहिलंत तर पेशंटचं भलं होईल.

इको_खोली

थोडक्यात. रिपोर्टमधला ईएफ एवढाच आकडा वाचून कागद घडी करू नका. ४० किंवा कमी म्हणजे कमी, ४१ ते ४९ मधला, ५० च्या पुढे राखलेला. पण "ईएफ ६०, नॉर्मल" असा शेरा असलेल्या स्थूल, मधुमेही, बीपीवाल्या बाईंना धाप लागत असेल तर डावं एट्रियम मोठं आहे का, भिंत जाड आहे का, ई/ई-प्राइम (हृदय भरतानाचा दाब सुचवणारा आकडा) १४ च्या पुढे आहे का ते बघा. या बायका छातीच्या ओपीडीत फिरत राहतात. महाशीर (पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर) २१ मिमीपेक्षा रुंद आणि श्वास आत घेतल्यावर निम्म्यानेही न मिटणारी, म्हणजे अजून पाणी आहे. हे तुम्ही पॉकेट प्रोबनेही शिकू शकता.

एट्रियल फिब्रिलेशन असेल तर एका ठोक्यावरचा ईएफ धरू नये, निदान पाचांची सरासरी हवी. आणि मायट्रल स्टेनोसिस (डावीकडची झडप अरुंद होणं) असेल तर हा सगळा धागा त्या पेशंटला लागू नाही. तिथे नाडी आवरणं, लॅसिक्स आणि झडप बलूनने उघडता येईल का हे बघणं. रक्त पातळ करायला अॅसिनोकूमारॉल किंवा वॉर्फरिनच. नवीन गोळ्या ऱ्हुमॅटिक झडपेत चालत नाहीत, २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत त्यातलं रिव्हारोक्साबॅन मागे पडलं.

तालुका_एमओ

खूप उपयोगी. आता 'चार औषधां'चं सांगाल का? आणि एक चालू पेशंट समोर आहे, त्याच्यावरून विचारतो. ६२ वर्षांचे गृहस्थ, जुना झटका, ईएफ २८. आज चौथा दिवस. वजन ७१.० वरून ६६.४. क्रिएटिनिन १.३ चं १.८ झालंय, पोटॅशियम ३.९, सोडियम १३२, बीपी १०४/७०, नाडी ९२. मानेची शीर अजून ४५ अंशांत जबड्याच्या कोनापर्यंत, पोट दाबलं की आणखी वर. घरी अॅटेनोलॉल ५०, अॅम्लोडिपिन ५ आणि लॅसिक्स ४० चालू होतं. क्रिएटिनिन वाढलं म्हणून लॅसिक्स थांबवायचं का? पाणी एक लिटरवर आणलं आहे.

मेडिसिन_युनिट२

थांबवू नका. मानेची शीर जबड्यापाशी आहे, माणूस ओलाच आहे. किडनीला पुढून रक्त कमी मिळतं हे खरं, पण तिच्या मागच्या शिरेत दाब तुंबलेला असणं हेही तितकंच मोठं कारण. पाणी उतरत असताना, लघवी चांगली होत असताना क्रिएटिनिन थोडं चढलं तर चालतं. वजन उतरायचं थांबलं, लघवी आटली आणि क्रिएटिनिन चढतंय, ही वेगळी आणि वाईट गोष्ट. हातपाय गार, बीपी ९० च्या खाली, गुंगी, असं असेल तर तो शॉककडे चाललाय, तुमच्याकडे ठेवू नका.

लॅसिक्स कधी थांबवायचं? शीर खाली गेली, सूज गेली, उभं केल्यावर बीपी पडायला लागलं की शिरेतलं बंद करून तोंडाचं सुरू करा. त्यानंतर किमान एक दिवस वॉर्डातच ठेवा, वजन परत चढत नाही ना ते बघायला. तुमच्याकडे हा दिवस गाळला जातोय असं वाटतं.

पाण्याबाबत माझं मत वेगळं आहे. एक लिटर ही शिक्षा आहे. सोडियम १२५ च्या आत असेल किंवा डोस वाढवूनही पाणी हटत नसेल तर दीड लिटरपर्यंत आणा, बाकीच्यांना तहानेप्रमाणे पिऊ द्या, फक्त उगाच तांब्याच्या तांब्या रिचवू नका म्हणा. २०२५ ला नेदरलँड्समधून फ्रेश-अप चाचणी आली. स्थिर पेशंटमध्ये दीड लिटरच्या बंधनाने तब्येतीत फरक पडला नाही, तहान मात्र वाढली. आणि तुमच्याकडचा मे महिना डोळ्यासमोर ठेवा. ४५ अंशांत शेतावर जाणाऱ्याला एक लिटर पाणी आणि दोन वेळा लॅसिक्स दिलं तर तो क्रिएटिनिन ३ घेऊन येईल. उन्हाळ्यात वजन ठरलेल्यापेक्षा दोन किलो खाली गेलं तर पाण्याची गोळी निम्मी करायची, हे कार्डावर आधीच लिहून द्या.

हृदय_ओपीडी

पाण्याचं पटलं, फक्त एक पुरवणी: ती चाचणी स्थिर, घरी असलेल्या पेशंटची होती. वॉर्डात सुजलेल्या अवस्थेत मी दीड लिटरच ठेवेन.

आता चार औषधं. ईएफ ४० किंवा त्याखाली असणाऱ्या प्रत्येकाला: एसीई इनहिबिटर (एनालाप्रिल, रॅमिप्रिल) किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन (किंवा एप्लेरेनोन), आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ. आपल्याकडे नेमकं हेच कमी पडतं. आयसीएमआरच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत २०१९-२० मध्ये ५३ रुग्णालयांतले १०,८५१ पेशंट होते. सरासरी वय साठ, म्हणजे पाश्चात्त्य पेशंटपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. दहातल्या सातांना मूळ आजार हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा. कमी ईएफवाल्यांपैकी निम्म्यांनाही मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे औषधं मिळत नव्हती, आणि ९० दिवसांत १४ टक्के गेले.

पूर्वी एकेक औषध महिन्या-महिन्याने वाढवायचो. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीनंतर ते सोडायला हवं. घरी जाण्याआधी निम्मे डोस, दोन आठवड्यांत पूर्ण, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आठवड्याला तपासणी. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आली. त्यात घ्यायच्या अटी सोप्या होत्या: बीपी १०० किंवा वर, नाडी ६० किंवा वर, पोटॅशियम ५ च्या आत.

तुमच्या पेशंटचं मी असं करेन. अॅम्लोडिपिन आजच बंद. ईएफला त्याचा फायदा नाही, बीपी मात्र खातं आणि ती जागा आपल्याला हवी आहे. बीपी कमी दिसलं की आपण चार औषधांतलं एखादं कापतो, हे उलटं आहे. आधी अॅम्लोडिपिन, प्राझोसिन, नायट्रेट, मग गरजेपेक्षा जास्त झालेलं लॅसिक्स. ९५ बीपीवर चक्कर नसेल तर ९५ चालतं.

डापाग्लिफ्लोझिन १० आज. ते बीपी फारसं पाडत नाही. क्रिएटिनिन थोडं आणखी वाढेल, घाबरू नका. स्पायरोनोलॅक्टोन १२.५ किंवा २५ आज, पोटॅशियम ३.९ आहे, वाव आहे. अॅटेनोलॉल किडनीतून जातं, या क्रिएटिनिनला साठेल. ते बंद करून मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५. ज्याला आधी बीटा ब्लॉकर नव्हता त्याला मात्र तो ओला असताना सुरू करू नका. कोरडा झाला की कार्व्हेडिलॉल ३.१२५ दोनदा किंवा बायसोप्रोलॉल १.२५ असं तळापासून. आधीपासून चालू असेल तर शॉक नसताना तोडू नका, फार तर निम्मा.

चौथं थोडं थांबून. क्रिएटिनिन वर जात असताना आणखी एक हलवणारं औषध नको. दोन दिवस १.८ च्या आसपास स्थिर राहिलं आणि बीपी १०० च्या वर असलं तर सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची ५० ची गोळी दोनदा, परवडत नसेल तर एनालाप्रिल २.५ दोनदा. मेडिसिन_युनिट२ सर बहुधा म्हणतील घरी गेल्यावर बघू. पण घरी गेल्यावर कोणी बघत नाही, हाच तर धाग्याचा विषय.

पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर स्पायरोनोलॅक्टोन निम्मं, ६ च्या वर बंद. डापाग्लिफ्लोझिनवाल्यांना लघवीच्या जागी खाज आणि बुरशीबद्दल आधीच सांगा, नाहीतर लाजेने गोळी सोडतात. जुलाब-उलट्या असतील किंवा निर्जळी उपवास असेल त्या दिवशी ही गोळी, पाण्याची गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन बंद. खायला-प्यायला लागल्यावर परत सुरू.

एक तपासणी राहून जाते: फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह शिरेतून द्यावं. या आजारात तोंडाच्या लोहाच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. हिमोग्लोबिन १३ असलं तरी बघा.

सिस्टर_फिमेल_वॉर्ड

मीठ राहिलं. "मीठ कमी खा" याला काही अर्थ नाही. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, पापड-लोणच्यातलं धरून. स्वयंपाक कोण करतं ते विचारा आणि त्या सुनेला किंवा मुलीलाच बोलवा. पेशंटला सांगून भाजीतलं मीठ कमी होत नाही.

घरातली पिशवी हे चांगलं माप आहे. चार माणसांच्या घरात एक किलो मीठ ५० दिवस टिकायला हवं. "तीन आठवड्यांत संपतं" असं म्हणाल्या की कळतं. पेशंटसाठी डबीत रोज सकाळी अर्धा चमचा मीठ काढायचं, त्याचं जेवण अळणी वाढून त्या डबीतलंच वरून घालायचं. उरलेलं अर्धं भाकरी, पोळी, दुधातून नकळत जातंच. पापड, लोणचं, सुकट, सुके बोंबील, फरसाण, शेंगदाण्याची खारी चटणी बंद. पावातही मीठ असतं हे लोकांना माहीत नसतं.

सैंधव म्हणजेही मीठच, सोडियम तेवढंच. "उपवासाला चालतं म्हणून चालतं" असं नाही, आणि उपवासाचे वेफर्स तर दुप्पट वाईट. "लो सोडियम" लिहिलेल्या मिठात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोनवाल्यांनी अजिबात नको. शहाळंही रोज नको. अशक्तपणा वाटला की ओआरएसचं पाकीट फोडतात. एका लिटरमध्ये चार-साडेचार ग्रॅम मिठाएवढं सोडियम आहे.

वजनाचा काटा घ्यायला सांगा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन किंवा ओपीडी, दम लागायची वाट बघायची नाही. काटा परवडत नसेल तर उपकेंद्रात एक दिवसाआड.

तालुका_एमओ

लॅसिक्स ८० दोनदा केलं, अॅम्लोडिपिन-अॅटेनोलॉल बंद, बाकी वर सांगितल्याप्रमाणे. लघवीचं सोडियम आमच्या मशीनवर होतं, लॅबने आज करून दिलं: ८८. डिस्चार्जला पाण्याची गोळी कोणती ठेवू? लॅसिक्सपेक्षा टॉर्सेमाइड चांगलं असं ऐकलं आहे. आणि पुढची तारीख किती दिवसांची?

मेडिसिन_युनिट२

८८ छान, डोस लागू पडतोय. आतडं सुजलेलं असताना तोंडाचं लॅसिक्स कधी निम्मं शोषलं जातं, कधी त्याहून कमी. टॉर्सेमाइड जास्त भरवशाने शोषलं जातं. पण २०२३ च्या ट्रान्सफॉर्म-एचएफ चाचणीत मृत्यू दोन्हींत सारखेच होते. जे तुमच्या खिडकीवर बारा महिने फुकट मिळतं ते लिहा. घरी ४० वर असताना हे गृहस्थ भरले, तेव्हा परत ४० वर पाठवू नका: लॅसिक्स सकाळी ८०, किंवा टॉर्सेमाइड ४०. दोन आठवड्यांनी कोरडे राहिले तर कमी करता येईल, डापाग्लिफ्लोझिन जोडल्यावर बहुधा करावंच लागतं.

कार्डावर डिस्चार्जच्या दिवसाचं कोरडं वजन मोठ्या अक्षरात लिहा. पुढच्या वेळी ड्यूटीवर जो असेल त्याला पहिला आकडा तोच लागतो.

तारीख सातव्या दिवसाची. त्या दिवशी वजन, उभं आणि बसून बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, आणि एका तरी औषधाचा डोस वर. मग दुसरा, तिसरा आणि सहावा आठवडा. तीन महिने पूर्ण डोसवर राहिल्यावर इको परत; तेव्हाही ईएफ ३५ किंवा खाली असेल तर आयसीडीसाठी (जीवघेणे ठोके शॉक देऊन थांबवणारं, छातीत बसवायचं यंत्र) जिल्ह्याला किंवा मेडिकल कॉलेजला पाठवा. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे विद्युत संदेश उशिरा पोचणं) आणि क्यूआरएस १५० च्या पुढे असेल तर चिठ्ठीत तेही लिहा. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस जाण्याआधीच टोचून घ्या.

आणि सातवा दिवस रविवारी येत नाही ना ते बघा. आला तर शनिवारी बोलवा, सोमवारी नको.